आधी वाचा, मग लिहा : आमचे अत्तार सर

अत्तार सरांची आणि माझी पहिली भेट एका पलंगावरून झाली. सासऱ्यांचे खुब्याचे हाड मोडले होते, ऑपरेशन होऊन ते घरी यायचे होते आणि डोक्याकडून वरखाली होणारा पलंग विश्रांतवाडीच्या रुग्णसाहित्य केंद्रातून वापरायला मिळतो असे शेजारणीने सांगितले होते. मी टेम्पो घेऊनच गेले. काउंटरमागे नीट कातरलेली पांढरी दाढी आणि कडक इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, असे एक गृहस्थ बसले होते. मी वर्ध्याची. घाईत असले की माझी भाषा गावाकडे पळते. मी म्हणाले, "काल फोन केला होता जी. पलंग घेऊन जाऊन राहिले."

चष्म्यावरून एकदा माझ्याकडे पाहत ते म्हणाले, "घेऊन जा, अवश्य. राहू मात्र नका, मागे रांग आहे."

मला राग आला होता. अजून आठवला की येतो, पण हसत येतो. तेवढ्यात दारात दुसरा टेम्पो उभा राहिला. तोच पलंग शिंदेकाकांनी, म्हणजे फोन घेणाऱ्या स्वयंसेवकांनी, येरवड्याच्या एका कुटुंबालाही कबूल केला होता. केंद्रात त्या वेळी सगळ्यांनी मिळून भरायचा एक तक्ता होता. एकाने भरलेले दुसऱ्याला दिसेपर्यंत तिसरा कबूल करून मोकळा. सर आवाज न चढवता उठले आणि येरवड्याच्या मंडळींना घेऊन दोन गल्ल्या पलीकडच्या स्वतःच्या घरी गेले. सलमाकाकूंच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, कंबरदुखीसाठी आणलेला तसाच पलंग तिथे होता. काकू म्हणाल्या म्हणे, "माझ्या कमरेची मला सवय झालीय. तुमच्या आईंना आधी लागेल, न्या." त्या रात्रीपासून काकू पुन्हा जुन्या लाकडी पलंगावर. हे मला सरांनी कधीच सांगितले नाही, शिंदेकाकांनी सांगितले.

सरांना पंचाहत्तर पूर्ण होत आहेत म्हणून केंद्राने हा गौरवग्रंथ काढायचे ठरवले, त्याला आता बरेच महिने झाले. सत्काराचा हॉल ठरला, शाल ठरली, प्रमुख पाहुणेही ठरले. सत्कारमूर्ती मात्र अजून ठरलेले नाहीत, कारण सर दोनेक वर्षांपासून कॅनडात, मुलाकडे आहेत, आणि येणार की नाही ते सांगत नाहीत. हा लेख तुम्ही सर्व स्नेही वाचालच. पण खरे सांगायचे तर मी तो एकाच वाचकासाठी लिहीत आहे.

सरांनी उभा जन्म एका कारखान्याच्या संगणक विभागात काढला. मोठमोठे डेटाबेस त्यांच्या हाताखालून गेले. "डेटाबेस सांभाळायला एक माणूस, त्या माणसाला सांभाळायला एक साहेब, आणि साहेबाला सांभाळायला मी," असे ते सांगत. निवृत्तीनंतर केंद्रात फक्त काउंटरवर बसायचे आणि संगणकाला हात लावायचा नाही, असे काकूंना वचन दिले होते. दोन टेम्पोंनी ते मोडले.

मी जावास्क्रिप्ट या संगणकभाषेत प्रोग्रॅम लिहिते हे त्यांना सासऱ्यांचा पलंग परत करताना कळले होते. एका सकाळी फोन आला. "अहो वैशाली, ज्या प्रोग्रॅमच्या जिवावर तुमचं जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालतं, त्या रनटाइमच्या पोटातच आता डेटाबेस येतो. वेगळा बसवायचा नाही, वेगळा चालवायचा नाही, एका ओळीत उघडतो. आणि हे मला वयाच्या सत्तरीनंतर स्वतः शोधावं लागतं? तुम्ही ऑफिसात नक्की करता काय?"

मी म्हणाले, त्यापेक्षा आपण मोठा, नावाजलेला डेटाबेस घेऊ, मी बसवून देते. सर म्हणाले, "कुबड्या, वॉकर आणि पलंग मोजायचेत. डोंगर पोखरून उंदीर काढायची हौस तुमच्या कंपनीत भागवा."

मग त्यांनी आम्हा सगळ्यांना ती गोष्ट समजावली ती अशी. शहरात त्यांच्या वडिलांचे अत्तराचे दुकान होते. मागच्या भिंतीवर लहान लहान खण, प्रत्येक खणावर चिठ्ठी, आत एकच वस्तू. चिठ्ठी सांगा, वस्तू मिळेल. की-व्हॅल्यू म्हणतात ते एवढेच. चिठ्ठीवर आधी 'पलंग' आणि मग त्याचा क्रमांक लिहिला, की 'पलंग' एवढेच म्हटल्यावर पलंगांचे सगळे खण ओळीने पुढे येतात. शिंदेकाकांना हे पहिल्या फटक्यात कळले, आणि मला, जिची यावर रोजीरोटी चालते, ते इतके सोपे असू शकते यावर विश्वास बसायला आठवडा गेला.

नव्या वस्तूवर भाळणाऱ्यांतले सर नव्हेत. हे अजून कच्चे आहे, पुढे बदलेल, असे त्यांनीच बैठकीत सांगितले आणि रोज संध्याकाळी सगळ्याची प्रत वेगळी काढून ठेवायची शिस्त लावली. एका खणात फार मोठी वस्तू मावत नाही, हेही सांगितले. आणि केंद्राच्या अध्यक्षांनी विचारले, "येरवड्याला वॉकर किती गेले ते कळेल ना?" तेव्हा म्हणाले, "आज विचारायचं ठरवलंत तर कळेल. ज्या प्रश्नाचा खण केला नाही, त्याचं उत्तर इथे येत नाही." हे वाक्य माझ्या मनात का राहिले ते पुढे येईल.

सरांचा खरा जीव मात्र एका सोयीवर होता. प्रत्येक खणातल्या वस्तूवर आवृत्तीचा शिक्का असतो. आत काही नवे ठेवताना सांगता येते की, मी पाहिला होता तोच शिक्का अजून असेल तरच हे ठेव, नाहीतर नाकार. म्हणजे दोघांनी एकाच वेळी एकच पलंग दिला, तर पहिल्याचे लिहिले जाते, दुसऱ्याचे नाकारले जाते, आणि दारात दोन टेम्पो येत नाहीत. "आधी वाचा, मग लिहा, आणि लिहिताना वाचलेलं अजून खरं आहे का ते बघा," असे ते प्रत्येक नव्या स्वयंसेवकाला सांगत. माणसांशीही ते तसेच वागत. आदल्या आठवड्यात उत्साहाने चाकांची खुर्ची घेऊन गेलेल्या माणसाला ते "आता बरे आहेत ना?" असे कधी विचारत नसत. "घरी कसं आहे?" एवढेच विचारत आणि थांबत.

पडद्यावरच्या सूचना लिहायचे काम माझ्याकडे होते. दुसऱ्याचे नाकारले गेले की दिसावे म्हणून मी लाल अक्षरांत लिहिले होते: 'चूक! नोंद झाली नाही.' पहिल्याच दिवशी तो लाल डबा शिंदेकाकांच्या वाट्याला आला, आणि जुन्या टेम्पोंची आठवण होऊन बिचारे कानकोंडे झाले. सरांनी मला बोलावून घेतले.

"चूक कोणाची झाली?"

"कोणाची नाही. दुसरीकडून आधी नोंद झाली."

"मग चूक का लिहिलंत? त्यांनी वाचलं तेव्हा ते खरंच होतं. मधल्या काळात जग पुढे गेलं. हा काय माणसाचा गुन्हा आहे? आणि नुसतं नाही म्हणून सोडू नका, पुढे काय करायचं तेही सांगा."

त्यांनी उभ्या उभ्या मजकूर सांगितला, मी टाइप केला, लाल रंग काढून टाकला. आजही केंद्राच्या पडद्यावर तेच शब्द येतात: 'मधल्या काळात बदल झाला आहे. कृपया पुन्हा वाचून पाहा.'

दुसरा त्यांचा हट्ट मुदतीचा. खणात वस्तू ठेवताना तिला मुदत घालता येते. मुदत संपली की ती आपोआप नाहीशी होते. वस्तू परत आली की त्या घराचे नाव, फोन, आजार, सगळे ठरलेल्या मुदतीनंतर पुसले गेलेच पाहिजे, असे सरांनी ठरवले. अध्यक्षांची इच्छा होती की फोन नंबर राहू द्यावेत, दिवाळीला शुभेच्छा पाठवता येतील. सर शांतपणे म्हणाले, "ज्यांच्याकडून पलंग रिकामा परत आला, त्यांनाही पाठवणार?" बैठकीत पुढे तो विषय निघाला नाही.

मग सलमाकाकूंची कंबर नुसती कंबर राहिली नाही. दुखणे हाडात गेले होते. सरांच्या घरी पुन्हा पलंग गेला, या वेळी केंद्रातला, अत्तारांच्या नावाने नोंद होऊन. काकू शेवटपर्यंत चेष्टा करत होत्या. मी भेटायला गेले की म्हणायच्या, "ये गं, घेऊन जाऊन राहणारी." तो सगळा किस्सा सरांनी घरी जाऊन साभिनय सांगितला होता तर! पावसाळा संपता संपता त्या गेल्या. पलंग सरांनी स्वतः परत आणला आणि परतीची नोंदही स्वतःच केली. मी हळूच म्हणाले, "सर, या एका नोंदीची मुदत काढून टाकते. राहू दे ना." ते म्हणाले, "नियम सगळ्यांना सारखा." आणि पुढच्या माणसाला कुबड्या काढून द्यायला उठले.

मुदत संपली त्यानंतरची एक दुपार माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. केंद्रात आम्ही दोघेच होतो. सरांनी तो खण उघडायला सांगितला, संगणकाला, मला नव्हे. आत काही नाही असे उत्तर आले. त्यांनी पुन्हा विचारले, पुन्हा तेच. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, "बरोबर काम करतंय." मला तेव्हा रडू आले, आता लिहितानाही येत आहे, आणि संपादकांनी हे वाक्य कापू नये अशी विनंती आहे.

त्यानंतर ते कॅनडात मुलाकडे, इम्रानकडे गेले. इम्रान गुणी मुलगा आहे, वडिलांना एकटे ठेवायचे नाही हे त्याचे म्हणणे योग्यच आहे. सुरुवातीला सर थंडी सरली की येतो म्हणाले, मग उन्हाळा सरला की, आणि मग ते बोलणेच थांबले. रविवारी फोन मात्र चुकत नाही. पहिला प्रश्न ठरलेला, "केंद्र उघडलं का?" मग कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला, गल्लीतला कडुनिंब, रस्त्याचे खोदकाम, यांची चौकशी. मी सांगते ते ते इतके कान देऊन ऐकतात की एखादे वाक्य बदलून सांगायचा धीर होत नाही. इस्त्रीवाला गेला, सर. कडुनिंब आहे.

सत्काराचे आमंत्रण मीच फोनवर वाचून दाखवले. सरांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावले. मग म्हणाले, "वैशाली, इम्रान म्हणतो फ्लॅट विकून टाकू, बंद घर वाळवीला कशाला पोसायचं? माझ्या होकारासाठी थांबलाय. खरंच आहे त्याचं. मी जे पुणं वाचून निघालो ते आता तिथे नाही. सलमा नाही. शिक्काच बदललाय. मी तिथे येऊन काय लिहिणार? नाकारलं जाईल." आमच्याकडे सकाळचे साडेनऊ होते, काउंटरवर माणसे आली होती, मी "ठेवते, सर" म्हणून फोन ठेवला.

तेव्हा न सुचलेले उत्तर इथे, सगळ्यांच्या साक्षीने देते. सर, नाकारले जाणे म्हणजे चूक नव्हे, हे आपणच मला उभ्या उभ्या टाइप करायला लावले होते. आपण वाचले तेव्हा ते खरे होते. मधल्या काळात बदल झाला आहे. काकू नाहीत हे कोणत्याही नोंदीने बदलणार नाही आणि तसे खोटे मी आपणांस सांगणार नाही. गल्ली एकेरी वाहतुकीची झाली, शिंदेकाकांना ऐकू कमी येते, सासरे मात्र काठी न घेता चालतात आणि "तुझे ते तिरके मास्तर कुठे गेले?" म्हणून विचारतात. कृपया पुन्हा वाचून पाहा. होकार कळवण्याआधी एकदा येऊन, दार उघडून, दोन दिवस राहून मग जे लिहायचे ते लिहा. फ्लॅट विकावासा वाटला तर विका. पण जुन्या वाचनावर निर्णय घेऊ नका; तो नियम आपला आहे, आणि नियम सगळ्यांना सारखा.

आपल्या पंचाहत्तरीला केंद्रातले आम्ही सगळे मनापासून हेच मागतो की आपले गुडघे, डोळे आणि जीभ शंभरीपर्यंत अशीच चालू राहोत, जीभ तर विशेषच. आणि त्या आयुष्यातला जमेल तेवढा वाटा विश्रांतवाडीच्या पदरात पडो.

जाता जाता एक कबूल केलेले बरे. मागच्या आठवड्यात मी केंद्राच्या डेटाबेसात एक नवा खण केला आहे. चिठ्ठीवर आधी 'अत्तार सर' आणि मग 'पुण्यात' असे लिहिले आहे. न केलेल्या खणातून उत्तर येत नाही, म्हणून केला. आत अजून काही नाही. जे काही येईल त्याला मुदत घालायची नाही, एवढे मी अध्यक्षांना न विचारताच ठरवून टाकले आहे. एखाद्या खणात काही बदलले की काउंटरवरचा पडदा आपणहून सांगतो, ही सोयही आपणच आम्हाला दाखवलेली. सकाळी कुलूप काढले की शिंदेकाका आधी तिकडे बघतात आणि मग पंखा लावतात.