टाचणी तोंडात असताना

आमच्या सासूबाईंनी ओठांत टाचणी धरली की कुणी त्यांच्याशी बोलायचं नाही, हा शिवणाच्या खोलीतला कायदा. त्या माप कागदावर लिहीत नाहीत. गिऱ्हाइकाच्या अंगाला फीत लावायची, आकडा डोक्यात धरायचा आणि टेबलापाशी जाऊन थेट कापडावर खडूनं उतरवायचा, ही त्यांची जन्माची रीत. माझ्या नवऱ्याला मात्र नेमकं तेवढ्यातच काहीतरी विचारायचं असतं.

परवा त्यानं विचारलं, "आई, छत्री कुठंय?" त्यांनी मानेनं दाराकडे दाखवलं, आणि कोटाची एक बाही आखूड कापली गेली. कापड महागाचं. गिऱ्हाइकानं समजून घेतलं, पण नवऱ्यानं घर डोक्यावर घेतलं. "वय झालं तुझं. आता कापणं बंद," म्हणाला आणि मोठी कात्री कपाटात ठेवून कुलूप लावलं. माझं डोकंच फिरलं. सासरे गेल्यावर याच कात्रीनं ह्याला लहानाचा मोठा केला, आणि हा तीच काढून घेतो?

सासूबाई रडणाऱ्यातल्या नव्हेत. "फीत घे," त्या म्हणाल्या. "बायकोची बाही मोज आणि खडूनं आख."

त्यानं मोजली. टेबलाकडे निघाला तसं त्यांनी सहज विचारलं, "काल मागचं दार कुणी लावलं रे?"

"मीच," म्हणाला, आणि हातात खडू घेऊन तसाच उभा राहिला. आकडा गायब. मला हसू आवरेना.

"परत मोजतो," तो पुटपुटला.

"मोज की. तुला परत मोजायची मुभा, आणि मला कुलूप?"

मग आपणहूनच म्हणाल्या, "आकडा पूर्वीइतका टिकत नाही, खोटं कशाला बोलू? टेबलापर्यंत जाईतो सांडतो. पण म्हणून मी हातावर हात ठेवून बसणार नाही. टेबल उचला."

"कुठे?"

"आरशापाशी, गिऱ्हाईक उभं राहतं तिथं. डोकं नवं आणता येत नाही, टेबल हलवता येतं."

ते धूड हलवताना आम्हा दोघांचा घाम निघाला. वर ह्याची कुरकुर चालूच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कोटवाल्याला पुन्हा बोलावलं. उरलेलं कापड टेबलावर पसरलं, ओठांत टाचणी धरली, फीत लावली आणि जागच्या जागी वळल्या. तेवढ्यात नवरा दारात आला. त्यानं तोंड उघडलं, टाचणी पाहिली आणि मिटलं. खडूची रेघ सावकाश पुरी झाली. मग त्यांनी टाचणी काढली.

"हं, बोल आता. काय हवं होतं?"

"काही नाही," म्हणत त्यानं कपाटाची किल्ली टेबलावर ठेवली.