अक्कांच्या नावाचं पाकीट

कॉफीअण्णांना दर विचारला की ते कॉफीचा भाव सांगत. बेंगळुरूच्या शिवाजीनगरात बसस्टँडमागच्या गल्लीत परकीय चलन बदलून देण्याचा माझा गाळा होता आणि त्याच्या काउंटरवर अण्णा बावीस वर्षं बसले. गिऱ्हाईक विचारी, "पाउंड काय भाव?" अण्णा मागच्या काळ्या फळ्याकडे बोट करत, सकाळी खडूने दर त्यांनीच लिहिलेले असत. मग म्हणत, "तो दर आमच्यासाठी. तुमच्या कामाचं सांगतो. लंडनात एका कॉफीला जे द्याल त्यात समोरच्या हॉटेलात वीस जणांना पाजाल. तिकडे रोज बाहेर कॉफी नाही, घरून पूड न्या."

हे भाव त्यांना परत आलेल्या लोकांकडून कळत. उरलेल्या नोटा मोडायला माणूस आला की पहिला प्रश्न हाच, "कॉफी केवढ्याला पडली?" बँकॉक, दुबई, सिंगापूर, पॅरिस, सगळी गावं त्यांनी अशी कपाकपाने मोजली होती. स्वतः ते आयुष्यात मद्रासच्या पलीकडे गेले नव्हते.

आमच्या धंद्यात परदेशी नाणी परत घेत नाहीत. नोटेला दर असतो, नाण्याला नसतो. लोक चडफडत मूठभर नाणी काउंटरवरच टाकून जात. अण्णांनी त्यासाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवला होता आणि त्यात देशादेशाची पाकिटं. कुणी सिंगापूरला निघालं की नोटांबरोबर त्या पाकिटातली दोन-तीन नाणी ते पुढे सरकवत. "हे फुकट. उतरल्यावर एक कॉफी प्या, मग टॅक्सी शोधा. दमलेला माणूस पहिल्या तासात फसतो." पुष्कळ जण दुसऱ्या खेपेला नुसते अण्णा आहेत का ते बघत, नसले तर उद्या येतो म्हणून निघून जात. ही गोष्ट पुढे लागणार आहे.

एकदा आमच्या बाकावर दोघं शेजारी बसली होती. इंदिरानगरात भाड्याने राहणारा एक जर्मन इंजिनिअर, ज्याचा पगार युरोत होई, आणि मल्लेश्वरच्या एक बाई, ज्यांचा मुलगा तिकडेच शिकत होता. रुपया त्या आठवड्यात घसरला होता. अण्णांनी जर्मन माणसाला सांगितलं, "या महिन्यापासून तुमचं भाडं कमी झालं. घरमालकाला सांगू नका, तो वाढवील." तो हसला. बाई पर्स उघडून बसल्या होत्या, त्यांना पैसे कमी पडत होते. ती दोघं गेल्यावर अण्णा खडू हातात घेऊन माझ्याकडे वळले. "फळा एकच, राव. त्यावर एकाचं बारसं, दुसऱ्याचं तेरावं."

तरीही दर उतरेपर्यंत थांबू का, असं कुणी विचारलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "तिकडे कोण आहे तुमचं? मुलगी? मग थांबायचं नाही. बोलावणं आलं की जायचं. दर काय, रोज उठतो नि बसतो." ऐकून ऐकून मला पाठ झालं होतं.

आमच्या इथल्या मराठी मंडळींत आजही अण्णांची गोष्ट निघाली की लोक म्हणतात, जन्मभर दुसऱ्यांना शहाणपण शिकवलं, आणि स्वतःची वेळ आली तेव्हा चार रुपयांसाठी बायकोला लेकीचं घर दाखवलं नाही. ते खोटं आहे. खरं काय ते मला ठाऊक आहे, आणि मी शहात्तर वर्षांचा झालो.

अण्णांची एकुलती मुलगी वीणा जपानात नोकरीला. तिला मुलगी झाली तेव्हा साथीमुळे सगळं बंद होतं. नात दोन वर्षांची होईपर्यंत अण्णांनी आणि त्यांच्या बायकोने, अक्कांनी, तिला फोनमध्येच पाहिली. वीणाने यशवंतपूरला आईवडिलांसाठी फ्लॅट घेतला होता, त्याचा हप्ता ती येनमधून पाठवी. येन उतरू लागला तसे तिला दर महिन्याला जास्त येन पाठवावे लागत. अण्णा म्हणत, "आमचं तिकडे जाणं स्वस्त होतंय ना, ते तिच्या खिशातून होतंय."

अक्कांची तयारी महिनाभर आधीच झाली होती. हुळीपुडी, म्हणजे आमच्याकडचा सांबाराचा मसाला, दोन किलो कुटून डब्यात भरला होता. वीणाने त्यांना सांगितलं होतं की तिच्या घराखाली रस्त्यावर एक मशीन आहे, नाणं टाकलं की गरम कॉफीचा डबा खाली पडतो. अक्कांचा विश्वास बसेना. एकदा गाळ्यावर आल्या तेव्हा नवऱ्याला बजावून गेल्या, "नाणं मी टाकणार. तुम्ही बटण दाबा." त्या दिवसापासून अण्णा शंभर येनची नाणी जपानच्या पाकिटात न टाकता वेगळी ठेवू लागले. त्या पाकिटावर त्यांनी लिहिलं, 'अक्का'.

मार्चमध्ये ते माझ्या टेबलाशी आले. "राव, मे महिन्यात तीन आठवडे जाऊन येतो म्हणतो. वीणा बोलावते आहे. येन आत्ता घेऊन ठेवू?"

मी समोरच्या स्क्रीनवर बघितलं. तिथे येनचा दर होता, मला दिसत होता मे महिना. शाळांच्या सुट्ट्या, सगळं बेंगळुरू परदेशी निघालेलं, जपान स्वस्त झालं म्हणून यंदा जपानलाही, आणि काउंटरवरची मुलगी महिन्यापूर्वी नोकरी सोडून गेलेली. अण्णा नसले तर लोक 'उद्या येतो' म्हणून शेजारच्या गाळ्यात जाणार. रजा देता येत नाही, एवढं म्हणायला हवं होतं. इतक्या वर्षांत त्यांनी मागितली नव्हती, म्हणून नाही म्हणायची मला लाज वाटली. मी म्हटलं, "अण्णा, येन अजून पडणार. दिवाळीपर्यंत थांबा. शंभर येनमागे पाच-सहा रुपये वाचतील, माझं ऐका."

त्यांनी फळ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग कानडीत म्हणाले, "सरी," म्हणजे बरं. आणि जाऊन काउंटरवर बसले.

मे महिना आम्हाला चांगला गेला.

श्रावणात अक्का स्वयंपाकघरात ओट्याशीच कोसळल्या. इस्पितळात दोन दिवस होत्या. वीणा पोहोचली तेव्हा उशीर झाला होता.

तेराव्याच्या जेवणाला मी पंगतीत होतो. अक्कांचे भाऊ समोरच बसले होते. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा दर बघत बसला. शंभरामागे चार रुपये वाचवले आणि माझी बहीण घालवली." वाढता वाढता वीणा थांबली. वडिलांना म्हणाली, "अप्पा, तुम्हीच सांगायचात ना लोकांना, बोलावणं आलं की जायचं? मग तुम्ही का थांबलात?"

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. मी पानातला भात कालवत होतो. ते म्हणाले, "चुकलं माझं." तेवढंच. मी तो भात संपवला.

त्यानंतर वीणाचा फोन येई तो हप्ता पोहोचला का एवढं विचारायला.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात एका सकाळी अण्णा फळ्यावर दर लिहीत होते. येनचा आकडा लिहून झाल्यावर पाठमोरेच म्हणाले, "राव, तुमचं बरोबर निघालं." मार्चपेक्षा सहा रुपयांनी खाली आला होता. टोमणा नव्हता त्यात, मी कान देऊन ऐकलं. मी म्हटलं, "आता जाऊन या अण्णा. हवी तेवढी रजा घ्या."

"रजा मे महिन्यात हवी होती, राव," ते म्हणाले, आणि हाताचा खडू झटकून शटर वर करायला गेले.

म्हणजे त्यांना मार्चमध्येच कळलं होतं. माहीत असून 'सरी' म्हणाले, माहीत असून तेराव्याला गप्प बसले. त्यांनी मला शिवी दिली असती तर मी आज जरा बरा झोपलो असतो. पुढे वर्षभर ते कामावर येत राहिले. लोकांना नाणी देत राहिले. कॉफीचे भाव मात्र विचारेनासे झाले.

गेल्या वर्षी मी गाळा बंद केला. आता लोकांना दर फोनवर दिसतो, पैसे कार्डात असतात, बाकावर बसायला कुणी येत नाही. डबा अण्णा घरी घेऊन गेले नाहीत. "तुमच्याकडेच असू दे," म्हणाले. या माघात तेही गेले.

वीणा आली होती. परत निघायच्या आदल्या दिवशी मी यशवंतपूरच्या फ्लॅटवर गेलो. पाया पडायला ती वाकली, तेव्हा मी पाय मागे घेतले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मार्च, स्क्रीन, रजा. मग पिशवीतून ते पाकीट काढून दिलं.

तिने पाकिटावरचं अक्षर वाचलं. मग विचारलं, "अप्पांना माहीत होतं?"

"पहिल्यापासून."

"आणि मी दोन वर्षं त्यांच्याशी धड बोलले नाही." हे ती मला सांगत नव्हती. तिने नाणी तळहातावर ओतली. सात होती. "आईला सांगितलं तेव्हा एका नाण्यात कॉफी यायची, काका. आता येत नाही. तिकडेही सगळं महाग झालं."

तिने सहा नाणी पाकिटात परत टाकली. सातवं माझ्यापुढे टेबलावर ठेवलं.

"हे तुम्ही ठेवा. इथे ते कुणी परत घेणार नाही."

खरं आहे. चाळीस वर्षं मी लोकांना तेच सांगत आलो.