कुंकू लावलेली जाहिरात

मी नांदेडात साड्या विकतो, आणि साड्यांपेक्षा थापा जास्त खपवतो, असं माझी बायको सांगते. त्यातली एक थाप मला महागात पडली. लातूरच्या आक्काच्या पोरीला बघायला पाहुणे आले होते. मी रंगात येऊन सांगितलं, "आमच्या भाचीनं एकदा डुलक्या घेणाऱ्या ड्रायव्हरला बाजूला सारून नायगावपासून नांदेडपर्यंत वऱ्हाडाचा ट्रक हाकला. एका हातानं! दुसऱ्या हाताची मेंदी वाळायची होती." पाहुणे अर्धा चहा ठेवून उठले. सोयरीक मोडली. आक्का माझ्याशी दोन वर्षं बोलली नाही.

आता पोरीचं दुसरीकडं जमलं होतं. तारीख मला बाहेरून कळली. नवरीला मांडवात आणायचं मामानं, आणि मामाला पत्रिकाच नाही.

त्याच दिवसांत मला दुकानाची जाहिरात टपालानं घरोघर पाठवायची होती. पत्ते हवे होते. लातुरात एक पत्रिका छापणारा होता, आक्कानंही पत्रिका त्याच्याकडंच छापल्या होत्या. लोक त्याला पाहुण्यांच्या याद्या देत, तो पाकिटांवर नावं छापून देई, आणि याद्या गुपचूप ठेवून घेई. मग त्या विकायचा.

"शेठ, मोबाईल नंबर कुणी बी विकतंय," तो म्हणाला. "ही लग्नाला जाणारी माणसं हायेत. लुगडी हेच घेतेत."

गठ्ठा एवढा, की उचलल्यावर टेबलानं सुस्कारा सोडला. मी धंद्यासाठी गेलो होतो हे खरं. आक्काचं अक्षर शोधत होतो हे जास्त खरं.

सापडलं. बाराव्या नंबरला मी. पुढं दुकानाचा पत्ता, तोही नवा. दुकान हलवून सहाच महिने झाले होते, म्हणजे तिनं तो कुणाला तरी विचारून घेतला होता. आणि मग त्या सगळ्यावर काट. पेन इतका रुतवलेला, की मागच्या पानावरही मी खोडला गेलो होतो.

पैसे मोजले आणि गठ्ठा घेऊन आलो.

जाहिरातीचं पाकीट लोक न फोडता फेकतात. म्हणून मी शक्कल लढवली. प्रत्येक पाकिटाच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं. असलं पाकीट फेकायची कुणाची छाती हाय? बोटं अशी पिवळी झाली, की आठवडाभर घरात भाजीला हळद लागली नाही. आक्काच्या यादीतल्या माणसांनाही पाकिटं गेली, पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव. चुकून की मुद्दाम, ते मलाही विचारू नका.

चौथ्या दिवशी आक्काचा फोन.

"मामानं येगळ्या पत्रिका काढल्या म्हणं? उदगीरची आत्या इचारायलीय, जेवण दोन ठिकाणी हाय का. कुणाला विचारून केलंस रं?"

"आक्का, ती साड्यांची जाहिरात हाय."

"फोडून बघतंय कोण? कुंकू बघून देवापुढं ठेवलंय लोकांनी. आता मांडवात सगळे विचारतील, मामा कुठंय. अन् मी तर तुझं नाव खोडलंय."

"माहीत हाय," मी म्हणालो, आणि जीभ चावली.

"तुला कसं माहीत?"

आयुष्यात पहिल्यांदाच मला एकही थाप सुचली नाही. "तुझी यादी इकत घेतली, आक्का."

तिकडं कुकरखालचा गॅस खटकन बंद झाला. मग ती हळूच म्हणाली, "आपलीच माणसं इकत घेतलीस व्हय?" आणि फोन ठेवला.

लग्नाला मी बिनपत्रिकेचा गेलो. मांडवाच्या दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभा राहिलो. गुरुजींनी पुकारलं, "मामा, मुलीला घेऊन या." ठरल्याप्रमाणं आमचा चुलतभाऊ उठला. आक्कानं त्याची बाही धरून त्याला खाली बसवलं.

भाचीला मी आणलं. आक्कानं माझ्याकडं बघितलं नाही.

पुढच्या महिन्यात यादी परत द्यायला गेलो. तिनं हात पुढं केला नाही. "ठेव तुझ्याकडंच," म्हणाली. "पुढच्या सीझनला लागंल."