चांदीला औषध जास्त झालं

पिंपरी पेंढारची वाट अर्धी सरली तरी बयाबाई मान खाली घालूनच चालत होत्या. एस.टी. चुकल्यामुळे त्या आणि शेजारची विमल जनावरांच्या डॉक्टरांकडून पायीच घरी निघाल्या होत्या.

"काकू, काहीतरी बोला की," विमल म्हणाली.

"काय बोलू? माझ्याच हातानं गाय मारत व्हते मी."

बयाबाईंची पहिली गाय व्याल्यावर कॅल्शियम कमी पडून आडवी झाली आणि डॉक्टर पोचायच्या आत गेली. त्याचा त्यांनी धसकाच घेतला. यंदा त्यांची आताची गाय चांदी व्याली. ती धडधाकट उभी होती, तरी बयाबाईंनी तिला रोज कॅल्शियम पाजलं, वर औषधवाल्याला गळ घालून डी जीवनसत्त्वाची इंजेक्शनंही दिली. चांदी उलट मलूल झाली. वैरण सोडली, सारखी पाणी पिऊन मुतू लागली. आज रक्ताचा रिपोर्ट आला. कॅल्शियम फार वाढलं होतं. असंच चाललं तर मूत्रपिंडं निकामी होतील, सगळं आजच बंद करा, असं डॉक्टरांनी बजावलं.

"मग करायचं बंद, झालं!"

"तुला सोपं गं. ती जरा बसली तरी माझा जीव ऱ्हात न्हाई. लेकरू उपाशी ठेवल्यागत वाटतं."

"म्हणजे डॉक्टरांपरीस तुमी शहाण्या?"

बयाबाई कसनुशा हसल्या आणि ओढ्यापाशी थांबल्या.

"देव्हाऱ्यामागं अजून कॅल्शियमच्या दोन बाटल्या हायेत. खंडोबाची आण घेतली तरी मी त्या काढीन, माझं मला ठावं. तू घिऊन जा, विमल. अन् मी रडत दारात आले तरी देऊ नको."