सात माणसांची गाडी

आमच्या घरात माणसं सात. आम्ही नवरा-बायको, दोन मुली, सासूबाई आणि माझे आईवडील. मी एकुलती एक, म्हणून आई आणि अण्णा आमच्याजवळच सेलूला राहतात. आम्ही दोघंही दातांचे डॉक्टर. इतकी वर्षं छोट्या गाडीतून एकेका लग्नाला दोन-दोन खेपा केल्या. आता एकदाच महागातली, ऐसपैस, सगळ्यांना मावेल अशी गाडी घेऊ, असं ठरवलं.

परभणीच्या शोरूमला मी, मुली आणि अण्णा असे गेलो. नवऱ्याला दवाखाना सोडता आला नाही. अण्णांना मी मुद्दाम नेलं. त्यांनी बत्तीस वर्षं एसटी चालवली, जिंतूर-पालमकडच्या रस्त्यांवर. आवाजावरून ते गाडीची तब्येत सांगतात. त्या दिवशी त्यांनी धुतलेलं, इस्त्रीचं धोतर नेसलं होतं. शोरूमच्या दारात फरशीची चकाकी बघून त्यांनी चपला बाहेर काढल्या. मी म्हटलं, "अण्णा, राहू द्या की." ते म्हणाले, "असू दे. भारी जागा हाय."

सेल्समन पोरगेलासा, टाय लावलेला. मला 'मॅडम', मुलींना 'बेटा'. अण्णांकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. त्याने आधी आतले रंगीत दिवे लावून दाखवले, मग काचेचं छत, मग आपोआप मागेपुढे होणारी सीट. मुली बूट घालूनच सायीच्या रंगाच्या सीटांवर चढल्या, उतरल्या, पुन्हा चढल्या. तो कौतुकाने हसत होता.

अण्णा गाडीभोवती एक फेरी मारून आले आणि त्याला म्हणाले, "स्टेपनी कुठं हाय?"

"आजोबा, यात स्टेपनी नसते. हवा भरायचं किट येतं."

"अन् टायर फाटलं तर?"

"कंपनीचा माणूस येतो ना."

"पालमच्या पल्याड, रानात?"

त्याने माझ्याकडे बघून हसत खांदे उडवले. अण्णांनी मागचं दार उघडायला लावलं. सातही सीटा उभ्या केल्यावर मागे वीतभर जागा उरत होती. "सात माणसाच्या पिशव्या कुठं ठिवायच्या?"

"आजोबा, सात माणसं रोज थोडीच बसतात?"

"मग सात शिटा कशाला मोजून सांगायलास?"

टेस्ट ड्राइव्हची वेळ झाली. अण्णा म्हणाले, "मी पार मागं बसतो. तिथं म्हातारीला बसायचं हाय." आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालीयत. अण्णांनी दाराला हात लावला तेवढ्यात सेल्समन म्हणाला, "थांबा आजोबा." तो धावत टेबलाकडे गेला, कालचं वर्तमानपत्र घेऊन आला आणि मागच्या सीटवर नीट पसरून म्हणाला, "हां, आता बसा."

माझ्या मुली त्याच गाडीत बुटांसकट नाचून गेल्या होत्या. माझ्या वडिलांच्या स्वच्छ धोतराखाली मात्र पेपर!

माझे कान तापले. पण मी काही बोलले नाही.  अण्णा वाकून, मधली सीट धरत, कसेबसे मागे गेले आणि धोतर सावरून त्या पेपरवर बसले.

मी गाडी चालवायला बसले, सेल्समन शेजारी, मुली मधल्या रांगेत. "मॅडम, हायवेने सरळ जायचं आणि वळून यायचं. आपला रूट ठरलेला असतो." हायवेवर गाडी लोण्यासारखी चालली. तिथे कोणतीही गाडी चालेल. पुढे एका खेड्याचा फाटा आला. मी त्याला न विचारता गाडी आत घातली.

"मॅडम, इकडे नको. गाडी खराब होते."

"मग मी घेऊन काय करू? आमच्या पाहुण्यांची गावं अशाच रस्त्यांवर आहेत."

पहिल्याच खड्ड्यात मागून दाणकन आवाज आला. अण्णांचं डोकं छताला लागलं होतं. मी गाडी थांबवली. ते म्हणाले, "चल, मला काय न्हाई झालं. पर हितं हवा लागंना, अन् गुडघे छातीला लागायलेत. तुझी आई हितं एक कोसबी बसायची न्हाई."

परत आल्यावर मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं, कॉफी मागवली, बुकिंगचा फॉर्म पुढे सरकवला. मी फॉर्म बाजूला सारून पेपरची गोष्ट सांगितली. बोलताना माझा आवाज चढला.

मॅनेजर ओशाळून म्हणाला, "सॉरी मॅडम. ते तुमचे वडील आहेत हे त्याच्या लक्षात आलं नाही. त्याला वाटलं, ड्रायव्हर असतील."

आता मात्र माझा तोल गेला. "ड्रायव्हरच आहेत ते! बत्तीस वर्षं ड्रायव्हर होते. त्या पगारावर मी डॉक्टर झाले. आणि समजा माझे वडील नसते, तर? ड्रायव्हरच्या अंगाला काय लागलेलं असतं? तुमची ही गाडी शेवटी चालवणार कोण?"

शोरूममधले सगळे वळून बघायला लागले. मॅनेजरने सेल्समनला बोलावून अण्णांची माफी मागायला लावली. पोरगा मान खाली घालून "सॉरी आजोबा" म्हणाला. अण्णांनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "तू मागच्या शिटावर कधी बसलास का?" त्याने नकारार्थी मान हलवली. "बस बरं."

तो चांगला उंच होता. आत शिरताना त्याचा टाय सीटबेल्टच्या कडीत अडकला. बसल्यावर गुडघे हनुवटीशी आले. अण्णांनी मधली सीट मागे सरकवली.

"आता सांग. सात शिटा हायत का पाच?"

"पाच, आजोबा," तो आतून म्हणाला.

अण्णा बाहेर जाऊन चपला घालायला लागले. आम्ही निघालो.

सेलूच्या रस्त्याने मी सारखी धुमसत होते. त्या पोराला, मॅनेजरला, त्या चकचकीत फरशीलासुद्धा बोल लावत होते.   मग अण्णा म्हणाले, "केबिनीत लय बोललीस म्हणं. पेपर घातला तवाच का न्हाई बोललीस?"

  पोरावर चिडणं सोपं होतं. त्या क्षणी मलाही शोरूममध्ये तमाशा नको होता, हे कबूल करणं अवघड आहे.

"इंजन मात्र ब्येस हाय," थोड्या वेळाने अण्णाच म्हणाले.

दोन महिन्यांनी आम्ही नांदेडहून दुसरी गाडी आणली. दिवे साधे, छत बंद, पण स्टेपनी आहे आणि शेवटच्या रांगेत मोठं माणूस बसू शकतं. घेण्याआधी आईला सोबत नेऊन प्रत्येक सीटवर बसवून बघितलं. तिने मधली खिडकीजवळची पसंत केली. सासूबाईंनाही तीच हवी होती. त्यावरून दोघींचं अजून मिटलेलं नाही.