दुमडलेला दोरा

दवाखान्यात मापं घेणारी दोरावाली वरच्या मजल्यावर, खिडकीतल्या कोवळ्या उन्हात उभी होती. एका तरुणाच्या उंचीएवढा दोरा तिने मधोमध दुमडला आणि त्याच्या कमरेभोवती फिरवला. टोकं सहज जुळली, म्हणजे कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी आणि धोकाही कमी, तेव्हा तीच सुटकेचा निःश्वास टाकून हसली, जणू परीक्षा तिची होती.

रक्तातली साखर आत घ्या म्हणून इन्सुलिन पेशींचं दार ठोठावतं, पण काहींचं शरीर भर तरुणपणीच ते ऐकेनासं होतं. हे सोप्या रीतीने कसं ओळखावं, दोऱ्याने की उपाशीपोटी घेतलेल्या रक्ताने, हे डॉक्टरीणबाई ताडून पाहत होत्या. विशीतली मुलंमुली सकाळी काही न खाता येत आणि बाकावर पेंगत. त्यांची अर्धीमुर्धी स्वप्नं ऐकत दोरावाली मापं घेई. त्या खोलीत सगळंच पाण्याखाली असल्यासारखं हळू चाले.

तिचा सगळा भरवसा दोऱ्यावर. सुई नाही, रक्त नाही. वडिलांची नजर मधुमेहाने गेली होती, म्हणून धाकट्या भावालाही तिने मिनतवाऱ्या करून आणलं. भाऊ म्हणजे पाप्याचं पितर. दोरा कमरेला पुरून वर लोंबत राहिला.

"ताई, यात माझ्यासारखे दोघे मावतील," तो म्हणाला.

रक्ताने मात्र वेगळंच सांगितलं: त्याचंही शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं झालं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दोरा बऱ्याच जणांना बरोबर ओळखतो, पण एखाद्या बारीक अंगातलं दुखणं त्याच्या हाती लागत नाही. दोरावालीचं अवसान गळालं. जिन्यात तिने भावाला गाठलं. निघताना गोड चहा घेतला असशील, विसरला असशील, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. हो म्हणून टाकणं त्याला किती सोपं होतं. त्याने तिच्या बोटांना गुंडाळलेला दोरा हळूच सोडवला.

"नव्हता घेतला, ताई. बाबांना वेळेवर कळलं नाही. मला कळलं, ते तू ओढून आणलंस म्हणून."

ऊन सरकत सरकत पायऱ्यांवर आलं होतं. दोघं तिथेच बसून राहिली.

आता दोरा कमरेला पुरला, तरी दोरावाली रक्त तपासून घ्या म्हणते. संध्याकाळी जेवणं झाली की बहीणभाऊ चालायला जातात. तो झपाझप पुढे निघतो. तिचे गुडघे दुखतात, म्हणून कोपऱ्यावर थांबतो.