नातीच्या नावाची पावलं

त्या दिवशी सकाळी नऊलाच असं ऊन होतं की दवाखान्याच्या फाटकाशी चपलेला डांबर चिकटलं. वारा म्हणून नव्हता. लिंबाचं पान हलंना. अन् मला घाम कुठं फुटला? आत, डॉक्टरीणबाईंच्या थंडगार खोलीत!

कशानं, म्हणता? सांगतो. पण चहा पिऊन घ्या, मला सांगायला वेळ लागतो. लिहिता मला येत नाय. मी बोलतोय, माझी नात मुक्ता लिहितेय. ती मधेच हसत बसते, म्हणून आणखीनच वेळ.

तर ही मुक्ता, सोळा वर्षांची. वजन असं वाढलं की झोपेत श्वास अडकायचा, शुगरही लागली. शेवटी पोटाचं ऑपरेशन करून जठर लहान केलं. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "अर्धं काम मी केलंय. उरलेलं पायांनी करायचं. रोज चालायचं, नाहीतर चरबीसोबत अंगातली ताकदही जाईल."

म्हणून सूनबाईनं लेकीच्या मनगटाला घड्याळ बांधलं. ते पावलं मोजतं. दिवसाची पावलं पुरी झाली की थरथरतं अन् काचेवर फुलबाज्या उडतात. आकडे मला वाचता येत नाय, पण फुलबाजी तर समजते की!

मुक्ता दोन दिवस मैदानावर गेली. तिसऱ्या दिवशी रडत आली. कुणी टवाळ पोरं ओरडली होती, "बाजूला व्हा रे, टँकर आला!"

"आबा, मी नाय जाणार आता."

"नको जाऊ. आण ते घड्याळ इकडं. तुझ्याऐवजी मी चालतो."

डोळे पुसून तिनं घड्याळ सोडलं. "खरंच? आईला सांगणार नाय ना?"

"नवस कुणी बोंबलत फिरतं व्हय?"

तिला वाटलं, आबा आपल्यासाठी आईला टोपी घालतायत. पण मी खरंच नवस म्हणत होतो हो! गंगापूरकडं आमच्या गावात मी लहानपणी तापानं फणफणलो, तेव्हा माझ्या चुलत्यानं देवळाभोवती लोटांगण घातलं. सोलून निघाला चुलता, बरा झालो मी! मग नातीची पावलं आजोबानं टाकली, तर देव काय नाय म्हणतो?

झालं सुरू. सूनबाई कामावर गेली की घड्याळ माझ्या हातात. मारुतीच्या देवळाभोवती फेऱ्या. चाल माझी गोगलगायीची, पण थांबायचं नाव नाय. पावलागणिक "मुक्ता, मुक्ता". फुलबाज्या उडाल्या की घर. शनिवारी तर दुप्पट! संक्रांत गेली, शिमगा गेला, पाडवा आला.

समोरचे रशीदभाई टेलर मशीन थांबवून विचारायचे, "आबा, क्या हुआ? लई उतरलात. शुगर-बिगर बघा एकदा!"

"नातीसाठी चाललंय, भाई."

ते मान हलवायचे. माझी बंडी गोणपाटासारखी लोंबायला लागली, तरी माझ्या टकुऱ्यात उजेड नाय!

अन् मग तो उन्हाचा दिवस. तीन महिन्यांची तपासणी.

डॉक्टरीणबाईंनी घड्याळातली पावलं बघितली. "वा मुक्ता! रोज एवढी?" सूनबाईची मान ताठ. मी मनात मारुतीला हात जोडले. मुक्ता तेवढी फरशी बघत होती.

"चल, वऱ्हांड्यात सहा मिनिटं चालून दाखव."

तिसऱ्या फेरीला पोरीनं भिंत धरली. छाती लोहाराच्या भात्यागत वरखाली. परत खोलीत आलो, तर डॉक्टरीणबाईंचा चेहराच बदललेला.

"रोज इतकं चालणारी मुलगी अशी धापते? मग हे हृदयाचं असू शकतं. आजच दाखल करा. गरज पडली तर नळी घालून आत बघावं लागेल."

सूनबाईनं मुक्ताला कवटाळलं. "माझ्या लेकराच्या काळजाला काय झालं वं बाई?"

तो घाम मला फुटला, तो इथं. एवढ्या फेऱ्या घातल्या अन् हे फळ? कुठं चुकलं माझं? मी थेट हातच जोडले.

"बाई, माझ्याच फेऱ्या कमी पडल्या! उद्यापासनं दुप्पट चालतो, पण पोरीला नळी घालू नका!"

"तुमच्या फेऱ्या?"

"मग कुणाच्या? तिची पावलं मीच टाकतो की, संक्रांतीपासनं!"

बाईंच्या हातातला पेन खाली पडला. सूनबाई गर्रकन मुक्ताकडं वळली. मुक्ता एवढंच म्हणाली, "आबा, तुम्हाला खरंच वाटत होतं व्हय, की ते मला लागू पडेल?"

"आजोबा," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, "औषध तुम्ही प्यालात तर ताप तिचा उतरेल का?"

"चुलत्याच्या वेळी उतरला होता की!"

बाईंनी कपाळ टेबलावर टेकलं. खांदे हलत होते. हसतायत का रडतायत, मला कळंना! मग काळजाच्या ठोक्यांची कागदी पट्टी काढली, ती ठीक निघाली. दाखल करणं टळलं. मुक्ताला म्हणाल्या, "हृदय चांगलंय. पाय झोपलेत, त्यांना उठव." जाता जाता मला काट्यावर चढवलं. नऊ किलो गेले होते. माझे!

दुसऱ्या दिवशी मुक्तानं घड्याळ स्वतः बांधलं. "आबा, तुम्ही नुसते शेजारी चाला. टँकर म्हणू द्या कुणाला म्हणायचं ते." तिच्या दहा फेऱ्या झाल्या. मधे चारदा बसली, पण बाईंनी कमी करून दिलेली पावलं पुरी झाली. फुलबाज्या उडाल्या, अन् तिच्याच मनगटावर.

येताना मी बंडी घेऊन रशीदभाईंकडं गेलो, दोन्ही बाजूंनी आत घ्यायला. सगळी हकिकत सांगितली. त्यांनी माझ्या पोटाभोवती फीत गुंडाळली, फीत बघितली, मला बघितलं, अन् म्हणाले, "छुरी चली पोती के पेट पे, अन् पोट गेलं तुमचं! आता और किसी के वास्ते नका चालू, आबा, मापाला माणूसच उरणार नाय!"